सुरगाठ

विषुववृत्तावर संध्याकाळ अशी नसतेच.
उजेड असतो, मग कुणी टोपलं पालथं घातल्यागत
नसतो.
मधली फट एक झोळी बांधण्याएवढी.
वाल्देनोरा मावशी म्हणते, त्याहून थोडी कमीच.

जारी नदीत मोटार दोनदा बंद पडली,
मुक्कामाला पोचलो तेव्हा
पलीकडच्या काठावरची झाडं एकच झाड झाली होती.
"बांध," ओंडक्यावर बसत मावशी म्हणाली,
"दोन्ही. आधी माझी."

दिसली ती पहिली दोन झाडं मी धरली.
"वर बघ."
वर कास्तान्याची फळं,
नारळाएवढी, लाकडासारखी, शंभर हातांवर,
आपापल्या वेळेची वाट बघत.
पुढचं झाड मुंग्यांचं, त्याला लांबूनच नमस्कार.
त्यापुढचं ठोकलं तर पोकळ वाजलं.
मग सापडली दोन, मांडीएवढ्या जाडीची,
मध्ये तीन वाव, मावशीच्या वावेनं.
माझी अजून आखूड पडते.

खोडाला पट्टा. नुसती दोरी नाही, दोरी साल कापते.
हात वर करून मनगट पोचेल तिथं.
पट्ट्यातून दोरी ओवली आणि ओढली,
एक पाय खोडाला लावून, दात खाऊन ओढली,
झोळी अशी सपाट की वर ताट ठेवावं.
मला वाटलं, शाबासकी.

मावशीनं चप्पल फेकून मारली दोरीला.
टण्ण.
"वाजते ती दोरी झोपू देत नाही.
इतकी ताणलीस तर तू एक झोपशील
आणि झाडांना वाटेल चारजणी झोपल्या.
पोट दिसू दे तिचं,
भरल्या होडीच्या तळासारखं."

वीतभर सोडली.
"अजून."
(मावशीचे दोन नवरे झाले.
दोघांबद्दल ती एवढंच सांगते:
एक ताणून धरायचा, एक सोडून द्यायचा.)

सवयीनं मी निरगाठ मारली.
"ही काय सकाळी सुरीनं कापणार?
सुरगाठ. शेपटी ओढली की सुटली पाहिजे,
अंधारात, घाबरलेल्या हातानंसुद्धा."
"दाखव ना."

दाखवलं नाही. सांगत राहिली.
फिरवून आण मागून. आता दुमड.
दुमड तशीच घाल आत, टोक नको, दुमड घाल.
दोन्ही हात बाह्यांमध्ये ओढून घेतलेले,
थंडी नव्हती तरी.

तेव्हा एकेक आठवत गेलं.
सकाळी होडी मी सोडली.
मासा मी साफ केला.
कॉफीच्या डब्याचं झाकण,
"तुझ्या हातात जोर आहे, तूच उघड."
गेल्या हंगामात
विडी विझायच्या आत दोन झोळ्या टांगणारी ही बाई
यंदा एकाही दोरीला शिवली नव्हती.

डास मारायला एक हात बाहेर आला.
बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी, एकमेकांत वळलेली.
मी पाहिलं.
मी पाहिलेलं तिनं पाहिलं.
"अंधार पडतोय," म्हणाली.
पडला होता.

गाठ मी न बघताच मारली, तीन वेळा चुकून.
मावशी झोळीत तिरकी पसरली,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पाठ सपाट,
आणि बराच वेळ फक्त बेडूक बोलत होते.
माझी झोळी शेजारीच, एक झाड दोघींत.
मी कूस बदलली की तिची हलायची.

"डोक्याकडं बोटभर ढील."
उठले. ती पाय टेकून उभी राहिली,
मी शेपटी ओढली,
गाठ सुटली, अगदी सहज,
जशी सुटायला हवी तशी.
बोटभर दिली. पुन्हा बांधली, या वेळी एकदाच.
"आता?"

उत्तर नाही.
दोरीवर हात ठेवून थोडा वेळ थांबले,
तिच्या श्वासागणिक ती किंचित भरायची, किंचित उतरायची.

मग तिकडं,
मी आधी धरलेल्या त्या दोन झाडांखाली,
धप्पकन काहीतरी पडलं.

"एक,"
उद्याचा हिशोब झोपेतच सुरू करत
मावशी म्हणाली.