जमलं तर

हलच्या इस्पितळात, तळघरातल्या औषधखात्यात
पहिल्याच आठवड्यात जिलियनने विचारलं,
शनिवारची पाळी करायला आवडेल का तुला?
मी खरं ते सांगितलं. नाही, थँक यू.
लेबलं छापणारं यंत्र तेवढं खरखरत राहिलं.
डेरेकने चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला,
मग जिन्यात गाठून म्हणाला,
तो प्रश्न नव्हता गं.

तेव्हापासून वही केली.
'घाई अजिबात नाही' म्हणजे जेवणाआधी.
'तुला सवड होईल तेव्हा' म्हणजे हातातलं ठेव.
'मी आपला नुसता विचार करत होते की'
हा तर चक्क हुकूम,
पायमोजे घालून आलेला.

एकदाच वही विसरले.
डेरेकच्या हातात इन्सुलिन, चिठ्ठीवरचं शून्य एक जास्त.
थांब. खाली ठेव ते.
ना प्लीज, ना सॉरी.
त्याने ठेवलं.
दुपारी माझ्या टेबलावर न मागता चहा आला
आणि तो म्हणाला, उद्या ऊन पडेल बहुतेक.

रविवारी बाबांचा फोन. सहजच केला, म्हणाले.
भुसावळ तापायला लागलंय.
तुझ्या खोलीतल्या कूलरला वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्यात.
राण्यांची मुलगी येतेय म्हणे एप्रिलात.
तिकिटं महागच असतील ना तेव्हा?
डोळ्यात थेंब आता माझे मीच घालतो,
निम्मे गालावर जातात.
बाकी काही नाही.

अकरा वर्षं हे ऐकून मी म्हणत आले,
हो का? छान.

सोमवारी रजेचा मेल लिहायला बसले.
शक्य असल्यास, आपली हरकत नसल्यास, जमलं तर...
चार ओळी झाल्या तरी एप्रिल येईना.
सगळं पुसलं. उठून जिलियनसमोर उभी राहिले.
मला तीन आठवडे रजा हवी आहे. एप्रिलमध्ये.
वडील एकटे आहेत.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, पेनाचं टोपण चावलं,
म्हणाली,
नाही म्हणावं असं काही मला दिसत नाही.

घरी जाताना नदीवरचा पूल बोटीसाठी वर उचललेला,
बस थांबलेली, खाली ओहोटीचा चिखल.
दोन 'नाही' मी बोटांवर मोजत बसले होते.
आणि मग शेजारच्या, पिशवीत कोबी घेतलेल्या
अनोळखी बाईला मी मोठ्याने सांगितलं,
हो म्हणाली ती!