जरा जाड

खराडीत, सातव्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
एकशे बारा सर्व्हर एकाच वेळी कंपाइल करत बसले होते.
तोच सोर्स, तीच मेकफाइल,
एकशे बारा जाती आणि तेच ते दळण.

अल्फिया तांबोळी, नोकरीला लागून चार महिने,
खुर्चीत मांडी घालून, शेंगा सोलत म्हणाली,
"मॅम, याचं तयार पॅकेज मिळतं.
प्लेबुकमध्ये एक ओळ लिहायची: हे असावं.
असेल तर पुढे चला, नसेल तर आणा.
आपण कशाला दर वेळी पीठ पाडतोय?"

चुकत नव्हती ती.
पॅकेजला नाव असतं, नंबर असतो,
काढलं की मुळासकट निघतं, खरकटं राहत नाही.
सोर्सचं बिऱ्हाड एकदा डिस्कभर पांगलं
की कुठली फाइल कुणाची, कोण सांगणार?
यंत्राने विचारलं, "आहे का?"
तर उत्तर येतं, "बघावं लागेल."

तरी मी हो म्हणाले नाही.
भोंडव्यांचा नऊ ओळींचा पॅच होता त्यात,
वर कॉमेंट: काढू नका. कारण शनिवारी सांगतो.
कुठला शनिवार ते लिहिलं नव्हतं.
कमिट मंगळवारचं, अकरा वर्षांपूर्वीचं.

धानोरीत आमच्या बिल्डिंगखाली गिरणी आहे.
फळीवर स्टीलचे डबे, डब्यांवर चिठ्ठ्या:
गव्हाणे, ज्वारी, जरा जाड.
कुदळे, नाचणी, दोनदा.
दुकानातल्या पिशवीवर सगळं छापलेलं असतं,
वजन, तारीख, कारखान्याचा पत्ता,
तेवढं जरा जाड नसतं.

सकाळी भोंडव्यांना फोन लावला.
हल्ली ते रावेतला सायकली दुरुस्त करतात.
मागे कुणीतरी पंप मारत होतं.
मी पॅच वाचून दाखवला. चौथ्या ओळीपर्यंत गप्प,
मग म्हणाले, "हे मी लिहिलंय?"
आणि हसले. "काढून बघ की."

काढून बघितलं.
टेस्ट मशीनवर तयार पॅकेज चार सेकंदांत बसलं.
दुपारपर्यंत काहीच झालं नाही.
अल्फिया सभ्यपणे माझ्याकडे बघायचं टाळत होती.
साडेचारला एका पतसंस्थेची यादी आत गेली
आणि बाहेर आली तेव्हा
कांबळ्यांचे कांबे झाले होते,
धुमाळांचा धुमा, गवळ्यांचा गवी,
आणि पिसाळ नावाचा कुणी कर्जदार
सरळ पिसा.

आम्ही दोघी आधी हसलो. मग नाही हसलो.
ते पॅकेज बांधणारे लोक जिथे कुठे असतील तिथे
इतक्या वर्षांत कुणी त्यांच्याकडे
ळ मागितलाच नसेल.

मग एकाच मशीनला दळायला बसवलं,
नऊ ओळी घालून, भोंडव्यांच्या मापाने,
आणि निघालं ते आमच्याच पिशवीत भरलं.
आवृत्तीच्या आकड्यापुढे अल्फियाने जोडलं: जाड१.
शनिवारची कॉमेंट खोडून तिथे लिहिलं: ळ साठी.
मी म्हटलं, खालची जुनी ओळही राहू दे.
ती म्हणाली, "कशाला?"
मला सांगता आलं नाही. तिने राहू दिली.

रात्री एकशे बारा जणांना विचारलं, आहे का?
एकशे अकरा म्हणाले, आहे.
एक अजून बघत होता.

घरी पोचले तर गिरणी बंद. गुरुवार.
शटरच्या फटीतून माझा डबा दिसत होता,
चिठ्ठी खाली गळून पडलेली,
आणि आत गहू की पीठ,
बाहेरून काही कळत नव्हतं.