एक वीत

सकाळच्या पहिल्या गटात सातच माणसं.
तिकिटं फाडून मी पाठ केलेलं सुरू करते :
हा पाथो, म्हणजे गॅलिशियातल्या जमीनदाराची गढी;
दारावरच्या ढालीत पाच शिंपले, एक लांडगा,
नाक तेवढं लांडग्याचं शेवाळानं खाल्लेलं.
दिवाणखाना. आरसा. कुणी न वाजवलेला पियानो.
दोरीच्या आत कृपया हात घालू नये.

एक म्हातारी कशाकडेच बघत नव्हती.
ओब्दुलिया, हे नंतर कळलं, नदीपलीकडच्या वाडीतली.
नातीनं तिला धरलेलं, तिनं नातीची छत्री.
आरशासमोर थांबली,
ती रुमालाची गाठ सारखी करायला.
"स्वयंपाकघर कुठाय?"
ते दाखवत नाही आम्ही. तिथे आता ऑफिस आहे.
"मग राहिलंच काय माझ्या ओळखीचं," म्हणाली,
बाजारात भाव विचारून पुढे निघावं तसं.

बागेत भुरभुर होती,
मार्च सरेपर्यंत तिचाच मुक्काम.
कॅमेलिया गळत होत्या,
अख्खं फूलच्या फूल,
कुणी टोपी काढून जमिनीवर ठेवावी तसं.
मी सांगितलं, इकडे बारा झाडं, तिकडे बारा,
कारंज्यापासून दोरी धरून लावलेली;
हे एकच ओळीबाहेर.
जाणकार सांगतात, मुद्दाम ठेवलेला दोष आहे,
परिपूर्ण फक्त देव, असं सुचवणारा.

ओब्दुलिया खोकला येईपर्यंत हसली.
"देवाला कशाला मध्ये घेतेस, पोरी?
माझ्या बापानं लावलंय ते.
त्या सकाळी खंडाचा मका घालून गेला होता,
आठ पोती, वर दोन कोंबडे.
कारभाऱ्यानं पोतं हलवलं, म्हणाला, भरत नाही.
बाप गप्प.
खड्डा खणायला लावला तेव्हा मात्र
दोरी एक वीत सरकवली त्यानं.
बसा म्हणावं बघत, एवढंच घरी येऊन बोलला."

नात म्हणाली, आजी, भिजशील.
म्हातारी झाडाजवळ गेली.
खोडाला हात लावेल असं वाटलं, नाही लावला.
पडलेलं एक फूल उचललं,
उलटं करून मुंगी झटकली,
आणि कोटाच्या खिशात घातलं.
फुलं नेऊ नयेत, अशी पाटी आहे तिथे.
मी पाटीपुढे उभी राहिले.

अकराच्या गटाला पुन्हा
ढाल, लांडगा, शिंपले.
झाडापाशी "जाणकार सांगतात" इथवर आले
आणि जीभ अडली.
हे असं बाजूला का, एकानं विचारलं.
मी म्हटलं,
त्या वर्षी मका भरत नव्हता म्हणे.