एकाच खुर्चीचं

बस. झाकण इतक्यात लावत नाही.
खाजाभाईचं विंच तिकडं माळाच्या टोकाला,
जुन्या ट्रकाचं इंजिन, तापायला वेळ घेतं.
तूही घे.

पाठ टेकव. जुन्यात बसायचीस, यात निजायचं असतं,
दातांच्या डॉक्टरकडं निजतो तसं.
हसलीस. बरं झालं.
तू चौपन्न किलो, छत्रीचे सात, एकसष्ट.
याला सत्तर लागतात.
नऊ किलो शिसं आवळलंय तुझ्या बुडाखाली.
औशाला आईला फोन करून सांग,
महानंदा एका सकाळीत भरली.

पाट्या सगळ्या जर्मन. मलाही येत नाही.
रंग वाच.
निळा दांडा ब्रेकचा. त्याच्या खालचा काळा, चाकाचा.
उतरताना घाईत हात काळ्यावर जातो.
माझा गेला होता एकदा; पोटाखालची ती ठिगळं बघितलीस ना सकाळी,
ती माझी.
म्हणून आज चाक वर घ्यायचंच नाही,
काळा दांडा तुझ्यासाठी नाहीच असं समज.
पिवळी मूठ ओढली की दोर सुटतो. दोनदा ओढ.

आता डोळे मिट.
ब्रेक?
नाही, तो काळा.
पुन्हा. ब्रेक?
लाईट गेल्यावर मिठाचा डबा सापडतो ना हाताला,
तसा सापडेपर्यंत.
पुन्हा.

जुन्याला वळवायला बैलासारखं रेटावं लागायचं.
हे नुसतं मनात आणलं तरी वळतं,
आणि भ्यालेल्याच्या मनात काय काय येत असतं.
कोपर मांडीवर टेकव. दांडी दोन बोटांत.
काचेवर लाल लोकर चिकटवलीय, आमच्या घरच्या स्वेटरची.
ती सरळ, तर तू सरळ.

दोर तुटला तर आधी नाक खाली.
कसा तुटला, का तुटला, ते खाजाभाई बघंल.
नाक, मग वेग,
मगच तो निळा.

वर क्रशरची धूळ बघ.
उभी चढायली असंल तर तिथं ऊब आहे.
घारी आधीच फिरत असल्या
तर त्या फिरतात त्याच बाजूनं फिर. माळ त्यांचा आहे.
आणि नाहीच पोचलीस परत, तर उसात उतरू नको.
वरून सतरंजी दिसते, आत माणूस सापडत नाही.
हरभरा काढलेलं रान धर.
तारा दिसत नाहीत, खांब दिसतात;
दोन खांब दिसले की मधे तार आहेच.

झालं माझं. आता तू विचार.

बराच वेळ तू पट्ट्याची कडी उघडझाक करत राहिलीस.
मग म्हणालीस,
सर, जुन्यात मागून तुमचा खोकला यायचा.

सव्वीस वर्षं मागच्या खुर्चीत बसलो.
मला वाटायचं, मी बोलून शिकवतो.

यात मागं काही नाही, पोरी.
पेट्रोलची टाकीही नाही.
पण डाव्या पंखाची चिकटपट्टी जराशी उचललीय,
ती शीळ घालते.
सकाळी ठीक करणार होतो, राहिलं.
वेग असला की शीळ असते. शीळ बारीक व्हायली
तर काट्याकडं बघायच्या आधी नाक खाली घे.
तिचं ऐक.

झाकण लावतो. कडी तुझ्या हातानं लाव.
काचेच्या आत तुझे ओठ हलतात:
निळा, काळा नाही, पिवळा दोनदा.

खाजाभाईचा दिवा लागला.
दोर गवतातून सरपटतो, ताठ होतो,
पंखाचं टोक माझ्या तळहातात गार.
पळतो.
सात पावलं, आठ,
नववं घ्यायच्या आत
पंखानंच माझा हात सोडला.

तोंडात धूळ.
खोकला घशापर्यंत आलाय,
दाबून धरलाय,
शीळ ऐकू येईपर्यंत.