बरणीतलं लोखंड

पातं वडिलांनी पोलीस चौकीत जमा केलं,
युद्ध हरलो त्या सालच्या शरदात,
रांगेत उभं राहून, पावती घेऊन.
पावती अजून आहे.
पात्याचं पुढं काय झालं, ते तिला माहीत नाही.

मुठीखालची लोखंडी चकती, त्सुबा,
आईनं आदल्या रात्रीच सोडवून घेतली
आणि उमेबोशीच्या रिकाम्या बरणीत टाकली.
रिकामी म्हणजे आंबट फळं संपलेली.
मीठ कुठं संपतं?
ते बरणीच्या अंगात मुरलेलं होतं.
तिथून लोखंडात उतरलं, सावकाश,
आणि वर आम्ही जेवत होतो, भांडत होतो, मोठे होत होतो.

आई गेल्यावर झाकण उघडलं
आणि चकती नागामात्सुंकडे नेली.
हागीत हे काम कळणारे आता ते एकटेच,
ऐंशीच्या पुढचे, डाव्या कानानं बहिरे.
तळहातावर ठेवून त्यांनी ती जोखली,
अंडं जोखावं तशी.
म्हणाले, "तांबडा काढायचा. काळा ठेवायचा."
मी म्हटलं, "काळाही गंजच ना?"
"गंजच. पण तो घरचा झालाय."

सँडपेपर नाही, आम्ल नाही,
तारेच्या ब्रशचं तर नावच नको.
हरणाच्या शिंगाचा एक तुकडा दिला, टोकाला चपटा घासलेला.
लोखंडापेक्षा मऊ, गंजापेक्षा हट्टी.
"आणि घाई असेल तर घरी जाऊन मासे साफ कर."

चाळीस वर्षं मी इवामोतो डॉक्टरांच्या दवाखान्यात
लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडलं.
तिथं पोलाद हाडावर चालवायचं.
इथं हाड लोखंडावर.
मनगटाला फरक कळायला आठवडा लागला.
लवंगेच्या तेलाचा वास मात्र तोच,
एक थेंब, चिंधीवर,
आणि मला वाटायचं, आता कुणीतरी विचारणार,
अजून किती वेळ?

वर्तमानपत्रावर तांबडी भुकटी पडत राहिली,
निवडणुकीच्या बातमीवर, हवामानावर.
चकतीत कोरलेला एक रानहंस होता.
अकराव्या दिवशी त्याच्यामागून दुसरा निघाला,
मान पुढं ताणून,
इतकी वर्षं गंजाच्या ढगात उडत असलेला.
कडेला लोखंडाच्या गाठी लागल्या, चकचकीत, कणखर.
नागामात्सु त्यांना हाडं म्हणतात.
"याला हाडं आहेत," ते म्हणाले,
एखाद्या मुलाबद्दल बोलावं तसं.

मग डावीकडं, भोकाच्या शेजारी,
अंगठ्याएवढा एक डाग.
अंगठ्याएवढाच नाही, अंगठाच.
त्या रात्रीचा, घामाचा, की लोणच्याच्या पाण्याचा
हे मी ठरवू शकत नाही.
तीन दिवस तिथं शिंग लावलं नाही.
बाकीचं सगळं दोनदा केलं.

नागामात्सुंना दाखवलं.
बराच वेळ बघून म्हणाले,
"आईचा असो की सेनापतीचा,
तांबडा तो तांबडा. आतून खातो."
मग त्यांनी चहा ओतला, माझा कप भरून वाहिला,
त्यांना दिसलं नाही, किंवा दिसलं.

काढला.
दोन संध्याकाळी लागल्या.
खाली उथळ खड्डा राहिला, त्यात माझा अंगठा बसत नाही.
आईचे हात लहान होते, हे मी विसरले होते.

आता ती खिशात असते, सुती कापडात.
काळं चढायला माणसाची ऊब लागते म्हणे,
म्हणून बसमध्ये, बँकेत, दाताच्या डॉक्टरांच्या श्राद्धालासुद्धा
मी खिशात हात घालून चोळत असते.
परवा बंदरावर तोमिएच्या गाड्यापाशी
सुट्ट्या पैशांबरोबर तीही ताटलीत पडली.
तोमिएनं ती दोन बोटांनी उचलली, भोकातून माझ्याकडं बघितलं.
"पाच येनच्या नाण्याला एकच भोक असतं, बाई.
हे नाही चालायचं."

परत घेतली. बांगड्याचा एक खवला चिकटला होता.
तिथंच पुसली.
घरी पोचेपर्यंत आणखी तीनदा.
मिठाचा काय भरवसा.