चाळीस टक्के

कार्तिक निम्मा सरला, तरी समुद्राचं काही ठरत नाही.
मोबाइल म्हणतो, शनिवारी चाळीस टक्के.
चाळीस टक्के पाऊस म्हणजे नेमका किती
हे स्टँडवर सगळ्यांना विचारून झालं.
जुझे म्हणाला, शंभरातले चाळीस जण भिजतील.
फटी म्हणाला, आणि त्यांत तू पहिला.

सव्वीस वर्षं डिचोलीच्या स्टँडवर पायलट आहे मी.
माणसं नेली, कोंबडे नेले, एकदा आरसा नेला,
उभा, एका बाईच्या मांडीवर,
वाटभर मागे आभाळ घेऊन.
कुठे जायचं ते नेहमी मागच्यानं सांगितलं.
मी फक्त भाडं सांगितलं.

या खेपेस जागा माझी:
साखळी, केरी, अंजुण्याच्या धरणाच्या कडेकडेनं
चोर्ल्याचा घाट, मग सुर्ल.
म्हादू गांवकरानं खळ्याशेजारी तंबू ठोकायला
हो म्हटलंय, एका अटीवर:
सर आली तर आधी भात झाकायचं,
मग तुमचं तुम्ही बघा.

तंबू भाच्याचा. एक खुंटी कमी, तिच्या जागी पान्हा.
अंगणात उभा करून पाहिला,
नुकत्याच रंगवलेल्या वृंदावनाला लागून.
शेजारची पोरं आत शिरली ती जेवायलाच उठली.
सुलक्षा दारातून म्हणाली,
लग्न तुळशीचं, आणि मांडव स्वतःला घातलात!

तिनं कॅलेंडरच्या पाठीवर दोन याद्या केल्यात.
पडला तर. नाही पडला तर.
दोन्हींत उंडे, सुका जवळा, चहापूड, कांबळ, माचिस.
पहिलीत जादा: प्लॅस्टिक, दुसरी माचिस, गुडघ्याचं तेल.
दुसरीत जादा एकच:
अबोली.

लग्नानंतर ती माझ्या मागे बसली असेल
चार-पाच वेळा. दवाखाना, दवाखाना,
भावाचं लग्न, पुन्हा दवाखाना.
मागची सीट म्हणजे आपली आमटी-भाकरी,
ती अडवून कसं चालेल, असं तीच म्हणायची
आणि बसनं जायची.
मी त्याच बसला मागे टाकून पुढे जायचो,
पाठीशी दुसरंच कुणी.
कधी खिडकीतून हात करायची.
कधी नाही.

गुरुवारी बातमी: कमी दाबाचा पट्टा
लक्षद्वीपावरून वर सरकतोय.
रात्रीची बातमी: थांबलाय.
मी बातम्या सोडल्या. सकाळी घाट उतरून आलेले
बेळगावच्या भाजीचे ट्रक बाजारात लागतात,
त्यांच्या ताडपत्र्यांना हात लावत गेलो.
ओली. कोरडी. कोरडी. ओली.
कोबीवाला ओरडला, काय चोरतोस रे?
मी म्हटलं, हवा बघतोय.
तो म्हणाला, कोबी घे, हवा फुकट.
घेतला एक. आता तोही बांधायचाय.

चेन धुतली, प्लग बदलला.
पिवळ्या मडगार्डाचं काय करावं कळेना.
घाटात कुणी हात केला तर?
म्हातारं माणूस असलं तर?
सुलक्षा म्हणाली, फडकं गुंडाळा.
मग स्वतःच म्हणाली, नको, राहू दे,
म्हातारं असलं तर मी उतरेन.
मी काही बोललो नाही.
फडकं गुंडाळलं.

शुक्रवारी रात्री सगळं बांधून
गाडी स्टँडवर लावली, तोल बघायला.
मी पुढे बसलो. ती चढली मागे,
कांबळ आणि कोबी यांच्या मधल्या जागेत
जरा सरकत, जरा पुटपुटत.
इंजिन बंद. अंगणात दिवा नाही.
खांद्यावर हात पडला,
आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून गेलं:
खंय वचपाचें?

ती म्हणाली, आधी भाडं सांगा.

टाकीवर टप् वाजलं काहीतरी.
माडावरून गळलं असेल.
वर कुणीच बघितलं नाही.