शेवटची नळी

आमच्या काखेतीत पुरुष टेबलाच्या टोकाशी उभा राहतो,
पेला उंच धरतो आणि बोलत सुटतो:
मेलेल्यांसाठी, न जन्मलेल्यांसाठी, द्राक्षांसाठी.
जुम्बेर सगळ्यांत लांबण लावायचा, जेवण गार होईपर्यंत.
या एका गोष्टीवर मात्र
तीन वर्षं त्याच्या तोंडून अवाक्षर नाही.

माझ्याही नाही. ते नंतर सांगते.

आधी म्हणाला, दमलोय. मग पाठ धरली.
मग वेलींची छाटणी, जी त्या वर्षी
आमच्या एकट्याच्याच मळ्यात जूनपर्यंत चालली.
मग तो माझ्या आधी झोपायला लागला,
निदान घोरायला तरी.
बत्तीस वर्षं एका अंथरुणात काढल्यावर
खरं घोरणं कुठलं आणि खोटं कुठलं, हे बाईला कळतं.

त्याच्या मेहुण्याने बाजारातून गोळ्या आणल्या,
वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या, नाव ना गाव.
जुम्बेरने एक घेतली, वर कडक दारूचे दोन घोट,
आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झाला,
पांढराफटक.

तेव्हा मी त्याला तेलावीला नेलं.

डॉक्टर लामझिरा माझ्या धाकटीच्या वयाची.
साखर किती, रक्तदाब किती, सिगारेटी किती,
भावकीतल्या पोरीने पिकाचा भाव विचारावा तसं विचारत गेली.
मग, आवाज न बदलता:
पहाटे तुमच्या आधी शरीर जागं होतं का?
जुम्बेर खिडकीला म्हणाला, नाही.

ती म्हणाली, मळ्यात ठिबक आहे ना?
पाणी उतरलं की कुठली नळी आधी कोरडी पडते?
शेवटची, तो म्हणाला. सगळ्यांत बारीक असते ती.
तीच ही, ती म्हणाली.
हृदयाच्या नळ्या हिच्याहून रुंद.
त्या उशिरा बोलतात,
आणि कधी कधी एकदाच.

नऊ वर्षांच्या साखरेने नसा कुरतडल्या होत्या.
रक्तदाबाची जुनी गोळीही थोडी आड येत होती,
ती बदलली. छातीला तारा लावून आलेख काढला.
मग म्हणाली, गोळी आहे, पण मी लिहून दिलेली;
छातीदुखीची नायट्रेटची गोळी कधी सुरू झालीच
तर ही घ्यायची नाही, चुकूनही नाही.
आणि ही फक्त वाट मोकळी करते, ओढ तुमची तुम्हीच आणायची.
नाहीच जमलं तर पंप आहे,
बारीक सुईचं इंजेक्शन आहे
(इथे जुम्बेरने गुडघे जुळवले),
शस्त्रक्रिया अगदी शेवटी.
सिगारेट मात्र आज, या दाराच्या आत.

मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.
आणि तुम्ही, नाझिब्रोला?

मी काय, मी सोबत आले होते.
मांडीवर पर्स, पर्समध्ये त्याचे रिपोर्ट.
पाळी थांबून किती वर्षं?
सहा.
दुखतं?

खाली रस्त्यावर कोणी कलिंगडं विकत ओरडत होता.
त्याचं ओरडणं संपेपर्यंत थांबले.
मग म्हटलं, काच असल्यासारखं.

जुम्बेरने खिडकी सोडली.

तो लाजून पाठ फिरवायचा तेव्हा
मी अंधारात हळूच श्वास सोडायचे, सुटले म्हणून.
तो श्वास त्याला ऐकू जायचा.
तीन वर्षं त्याला वाटत होतं, हिला मी नकोसा झालो.
तीन वर्षं मला वाटत होतं, माझं दुखणं याला कळलं
आणि हा कंटाळला.

मलाही एक मलम मिळालं, आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा.
हे औषधाने बरं होतं, हे मला
कुणी सांगितलं नव्हतं. आईने नाही, बहिणींनी नाही.

परतीच्या गाडीत आम्ही बोललो नाही.
पिशवीत दोघांची औषधं एकमेकांना लागून खुळखुळत होती.

रविवारी जमलं.
बुधवारी नाही. त्याने विचारलं, दुखतंय?
मी म्हटलं, थोडं. त्याने हात काढला नाही,
तसाच माझ्या पोटावर ठेवून झोपला,
आणि घोरला.

खरं घोरणं.